शस्त्रक्रियोत्तर जखमेच्या उपद्रवांची नोंद
शस्त्रक्रियेच्या जखमेतील जंतुसंक्रामण, टाके उसवणे इ. उपद्रव रुग्णपत्रिकेत नोंदवून त्यांना संकेतांक देण्याची पद्धत. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या १० व्या आवृत्तीत जखम उसवण्यास टी ८१.३ व संक्रामणास टी ८१.४ हे संकेतांक आहेत. नुसते ‘जखम चिघळली’ एवढे लिहून भागत नाही. शस्त्रक्रियेशी असलेला संबंध डॉक्टरांनीच नमूद करावयाचा असतो, लिपिकाने तो तर्काने ठरवावयाचा नसतो. पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखान्यांत दाबयंत्रात बोटे सापडून जखमी झालेल्या कामगारांच्या बाबतीत ही नोंद विशेष महत्त्वाची ठरते. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणाचा लाभ सामान्यतः वेतनाच्या ७०% व वर्षातून ९१ दिवसच मिळतो. कामावरील इजेने आलेल्या तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मात्र ९०% असून तो अपंगत्व टिकेपर्यंत चालू राहतो. नंतरचे संक्रामण मूळ अपघाताशी जोडणारी नोंद नसल्यास लांबलेली रजा साध्या आजारपणात गणली जाण्याचा संभव असतो.