फिरलेल्या निकालांचा छेद

बोथच्या न्यायालयात लागलेला निकाल मान्य नसला, तर पुढची पायरी आदिलाबादला. तिथंही दाद लागली नाही, तर सुमारे तीनशे किलोमीटरवरचं हैदराबाद. राज्यसीमेपलीकडच्या किनवटकराचा रस्ता वेगळा. तो नांदेडला जातो आणि तिथून औरंगाबाद खंडपीठाकडे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बोथ आणि किनवट एकाच आदिलाबाद जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, बोथ तेव्हाच्या आंध्र प्रदेशात गेलं. बाजारहाट, सोयरिकी आणि घरातली मराठी सीमेच्या दोन्ही बाजूंना चालूच राहिली, पण अपिलाची वाट त्या दिवशी दुभंगली.

वरच्या न्यायालयात खालचे किती निकाल फिरतात, हे मोजण्याची पद्धत कायद्याच्या अभ्यासात जुनी आहे. शंभर अपिलांत साठ निकाल फिरले, तर प्रमाण साठ टक्के. वैद्यकशास्त्रातही हे मोजमाप अलीकडे रुळलं आहे. वर्षानुवर्षं चालत आलेले उपचार काटेकोर चाचणीला लावले, तर त्यातले किती निरुपयोगी किंवा घातक ठरतात? आकडा सुटसुटीत असल्यामुळे त्याचा मथळा लगेच होतो. ‘खालची न्यायालयं निम्म्याहून अधिक वेळा चुकतात’, ‘चाळीस टक्के उपचार फोल’. ही दोन्ही विधानं चुकीची आहेत. ती कुठे चुकतात हे कळण्यासाठी अंशाकडे नव्हे, छेदाकडे पाहावं लागतं.

चाळीस टक्क्यांचा आकडा २०१३ सालच्या एका अभ्यासातून आला. विनय प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकातले २००१ ते २०१० या दहा वर्षांतले २,०४४ मूळ संशोधन लेख तपासले. त्यातल्या ३६३ लेखांत आधीपासून रूढ असलेल्या उपचारांची परीक्षा होती. १४६ उपचार उलटे पडले, १३८ टिकले, उरलेल्या ७९ बाबत ठाम काही सांगता आलं नाही. १४६ भागिले ३६३ म्हणजे चाळीस टक्के, हा हिशेब बरोबर आहे. पण छेदात हे ३६३ उपचार आले कसे? कुणाला तरी त्या उपचाराबद्दल शंका आली, चाचणीला पैसा मिळाला, नीती समितीने परवानगी दिली, रुग्ण तयार झाले आणि अखेर तो लेख जगातल्या अग्रगण्य नियतकालिकाने छापला. ज्या उपचाराबद्दल कुणालाच शंका नसते, त्याची अशी चाचणी कुणी घेत नाही. आणि अशक्तपणा वाटला की सलाईन चढवण्याची गावोगावची पद्धत त्या पानांपर्यंत पोचणार तरी कशी? चाळीस टक्के हे संशयाच्या दारातून आत आलेल्या उपचारांचं प्रमाण आहे. दाराबाहेर उभ्या असलेल्यांबद्दल ते काहीच सांगत नाही.

एकच उपचार कधी टिकतो आणि कधी फिरतो, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच मुलखातलं आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकर ओळखण्याची एक स्वस्त तपासणी आहे. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावायचं, म्हणजे आपल्या व्हिनेगरमध्ये असतं तेच, आणि मिनिटभर थांबायचं. पेशींत बिघाड असेल तर तिथं पांढरा डाग उमटतो. यंत्र लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही, शिकलेली परिचारिका पुरते. तमिळनाडूच्या दिंडिगुल जिल्ह्यातल्या चाचणीत या तपासणीमुळे या कर्करोगाचे मृत्यू ३५ टक्क्यांनी घटल्याचं २००७ साली जाहीर झालं. दोनच वर्षांनी उस्मानाबाद जिल्ह्यातल्या (आताच्या धाराशिव) चाचणीचे निष्कर्ष आले. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने त्यासाठी गावोगाव काम केलं होतं. खेड्यांचे ५२ गट आणि १,३१,७४६ स्त्रिया असा त्या चाचणीचा पसारा होता. तिथं ॲसिटिक ॲसिडच्या तपासणीने मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. पाश्चात्त्य देशांत दशकानुदशकं वापरात असलेल्या पॅप तपासणीनेही दिसली नाही. एचपीव्ही विषाणूच्या एकदाच केलेल्या तपासणीने मात्र दिसली: त्या गटात या रोगाने ३४ मृत्यू, काहीच तपासणी न झालेल्या गटात ६४.

पुढे २०१४ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलचा अभ्यास प्रसिद्ध झाला. झोपडपट्ट्यांतल्या स्त्रियांची हीच ॲसिटिक ॲसिडची तपासणी तिथं आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी, एकूण चार फेऱ्यांत केली. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. मग ही तपासणी टिकली की फिरली? २००९ मध्ये थांबून मोजणाऱ्याच्या खात्यात ती ‘सिद्ध झाली नाही’ म्हणून जमा होईल, २०१४ मध्ये मोजणाऱ्याच्या खात्यात ‘उपयोगी’ म्हणून. फेऱ्या किती, तपासणारं कोण, डाग दिसलेल्या बाईला पुढचा उपचार मिळाला की नाही, यातलं काहीच त्या एका टक्केवारीत मावत नाही. आणि तपासणीविना ठेवलेल्या गटातल्या स्त्रियांचं काय, या प्रश्नावर पुढे जो वाद झाला तो रास्तच होता. उस्मानाबादच्या त्या ६४ स्त्रिया संशोधनाच्या भाषेत तुलना गटातल्या होत्या. घरच्यांसाठी त्या आई, सासू, वहिनी होत्या.

प्रमाणात न मावणारी आणखी एक गोष्ट म्हणजे उपचार फिरल्यावर तो वापरातून जायला लागणारा वेळ. कोविडच्या पहिल्या लाटेत बऱ्या झालेल्या रुग्णांचा प्लाझ्मा देण्यावर सगळ्यांची आशा होती. महाराष्ट्र सरकारने त्यासाठी जून २०२० मध्ये ‘प्रोजेक्ट प्लॅटिना’ सुरू केला. त्याच सुमारास आयसीएमआरने देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर रीतसर चाचणी घेतली. आजार गंभीर वळणावर जाणं किंवा मृत्यू, असा वाईट शेवट प्लाझ्मा दिलेल्या २३५ पैकी ४४ जणांचा झाला, न दिलेल्या २२९ पैकी ४१ जणांचा. म्हणजे १९ टक्के आणि १८ टक्के. हे ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आलं. राष्ट्रीय उपचार सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१ मध्ये. मधल्या सात महिन्यांत दुसरी लाट आली आणि हजारो नातेवाईक रात्री-अपरात्री व्हॉट्सॲपवर ‘अमुक रक्तगटाचा प्लाझ्मा डोनर हवा’ असे निरोप पाठवत राहिले.

आता न्यायालयाकडे. सर्वोच्च न्यायालय सविस्तर सुनावणी घेऊन निकाल देतं, त्यातले साठ टक्क्यांच्या आसपास निकाल खालच्या न्यायालयाच्या विरोधात जातात, असं अपर्णा चंद्रा, विल्यम हबर्ड आणि सीतल कलंत्री यांनी ‘कोर्ट ऑन ट्रायल’ या २०२३ सालच्या पुस्तकात मांडलं आहे. यावरून उच्च न्यायालयं दहापैकी सहा वेळा चुकतात असं म्हणता येत नाही. बहुतेक अर्ज दाखल करून घेण्याच्या पायरीवरच फेटाळले जातात. ज्यात काही तरी वावगं दिसतं तेच आत येतात, मग आत आलेल्यांत फिरणारे जास्त असणारच. त्याही आधी एक चाळणी पक्षकाराच्या घरी लागते. जॉर्ज प्रीस्ट आणि बेंजामिन क्लाइन यांनी १९८४ मध्ये दाखवलं होतं की, ज्यांचा निकाल दोन्ही बाजूंना आधीच दिसत असतो ते तडजोड करून मोकळे होतात आणि न्यायाधीशासमोर उरतात ते अटीतटीचे वाद. त्यांचं गृहीत असं की दोन्ही बाजूंना खर्च झेपतो. बोथमध्ये ते गृहीत धरता येत नाही.

भारतात एका जागी मात्र चाळणी लागत नाही, ती म्हणजे फाशी. सत्र न्यायालयाने दिलेली प्रत्येक फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. आरोपी गरीब असो, निरक्षर असो, त्याने अपील केलं नाही तरी कागद वर जातातच. म्हणून इथला छेद पुरा आहे आणि म्हणूनच इथला आकडा अंगावर येतो. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २००० नंतरच्या दीड दशकात सत्र न्यायालयांनी दिलेल्या आणि वरच्या न्यायालयांत तड लागलेल्या फाशींपैकी जेमतेम पाच टक्के अखेरपर्यंत टिकल्या. साधारण पासष्ट टक्के जणांची शिक्षा कमी झाली आणि साधारण तीस टक्के लोक निर्दोष सुटले. हे शंका घेऊन निवडलेले निकाल नव्हते. सगळेच तपासले तेव्हा हे निघालं.

नाशिक जिल्ह्यातला एक खटला यासाठी जवळून पाहावा असा आहे. जून २००३ मध्ये शेतातल्या एका झोपडीवर दरोडा पडला, पाच जणांचा खून झाला, स्त्रियांवर अत्याचार झाले. आई आणि मुलगा वाचले. पोलिसांनी भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना पकडलं. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. पुनर्विलोकन अर्जही फेटाळला गेला. अभ्यासकाने या टप्प्यावर वही मिटली असती, तर त्याच्या तक्त्यात हा खटला ‘सत्र न्यायालयाचा निकाल योग्य ठरला’ या रकान्यात बसला असता.

मग २०१४ मध्ये एका वेगळ्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की फाशीचं पुनर्विलोकन बंद दाराआड न होता खुल्या न्यायालयात, तीन न्यायमूर्तींपुढे व्हावं. त्या नियमामुळे नाशिकचे कागद पुन्हा उघडले. वाचलेल्या आईने घटनेनंतर दोन दिवसांत पोलिसांच्या फोटोंमधून चार भलत्याच माणसांना ओळखलं होतं आणि त्यांचा तपासच झाला नव्हता, ही बाब तेव्हा न्यायालयाने महत्त्वाची मानली. ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. राज्याने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला. फोटोंची ती नोंद २००६ मध्येही कागदांत होती. पुरावा बदलला नव्हता, पुन्हा पाहण्याची रीत बदलली होती.

या सहा जणांना जन्मठेप झाली असती तर? सक्तीची फेरतपासणी नाही, खुल्या पुनर्विलोकनाचा हक्क नाही. माझ्या मते, फाशीच्या आकड्यांतून घेण्याची खरी धास्ती ही आहे. त्याच पोलिसांनी, त्याच पद्धतीने तपासलेले आणि त्याच न्यायालयांत चाललेले किती तरी खटले फाशीपर्यंत गेले नाहीत, म्हणून कुणी पुन्हा उघडलेच नाहीत.

छोट्या न्यायालयातल्या शिक्षेवर सत्र न्यायालयात अपील करायला तीस दिवस मिळतात. निकालाची प्रमाणित नक्कल मिळेपर्यंतचा काळ त्यातून वगळला जातो, पण नकलेचा अर्ज आधी द्यावा लागतो. मोलमजुरी बुडवून तो अर्ज द्यायचा, नकलेसाठी पुन्हा यायचं, आदिलाबादला वकील गाठायचा, वकीलपत्रावर सही करायची. घरात मराठी किंवा गोंडी बोलणाऱ्याच्या हातात तेलुगू-इंग्रजी कागद येतो. दिवाणी दाव्यात दुसरं अपील कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच चालतं, म्हणजे हैदराबादचं दार आणखी अरुंद. या वाटेवर गळालेला माणूस कुठल्याही टक्केवारीत येत नाही. त्याच्यापुरता निकाल शंभर टक्के टिकलेला असतो.

कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. तिथल्या सहा जिल्ह्यांतून अपिलं वाढली आणि फिरलेल्या निकालांची संख्या चढली, तर कुणीतरी नक्की म्हणेल की खालच्या न्यायाधीशांचा दर्जा घसरला. मुंबईचा प्रवास वाचल्यामुळे आजवर न गेलेली माणसं वर गेली, ही शक्यता आधी तपासावी लागेल.

वैद्यकशास्त्राने छेदाची थोडी तरी सोय केली आहे. २००७ साली सुरू झालेल्या भारतीय नोंदवहीत २००९ पासून प्रत्येक औषध-चाचणीची आगाऊ नोंद सक्तीची झाली. त्यामुळे किती चाचण्या सुरू झाल्या आणि किती छापून आल्या, हे बाहेरच्या माणसालाही पडताळता येतं. न्यायालयांत प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो, पण तेच प्रकरण अपिलात गेलं की नवा क्रमांक पडतो. बोथच्या खटल्याचं आदिलाबादेत काय झालं, हे कळायला दोन्ही क्रमांक हाताने जोडावे लागतात. ते संगणकातच जोडले जावेत, आणि प्रत्येक तालुका न्यायालयापुढे तीन आकडे दरवर्षी छापले जावेत: निकाल किती लागले, नकलेचे अर्ज किती आले, अपिलात किती गेले. फिरलेल्यांचं प्रमाण त्यानंतर काढावं.