जुन्या कॅम्पर व्हॅनची महामार्गावरील क्षमता आणि इंजिनाचे ट्यूनिंग : फोक्सवॅगन टाइप-२ चा एक विश्लेषणात्मक अभ्यास

प्रस्तावना :

यंत्राचे वय वाढते, परंतु त्याला लागू होणारे भौतिकशास्त्राचे नियम बदलत नाहीत. बदलतो तो भोवतालचा रस्ता आणि त्या रस्त्यावरील इतरांचा वेग. जुन्या वाहनाच्या मालकापुढील खरी अडचण येथूनच सुरू होते. प्रस्तुत लेखात या अडचणीचा विचार फोक्सवॅगन टाइप-२ या जर्मन कॅम्पर व्हॅनच्या आधारे केला आहे.

या गाडीची मूळ कल्पना डच व्यापारी बेन पॉन यांनी १९४७ मध्ये काढलेल्या एका साध्या रेखाटनातून पुढे आली. १९५० मध्ये वोल्फ्सबुर्ग येथे तिचे उत्पादन सुरू झाले आणि १९५६ पासून ते हॅनोव्हर येथे होऊ लागले. वेस्टफालिया या कंपनीने या गाडीत झोपण्याची व स्वयंपाकाची सोय करून तिला चालते घर बनविले. १९६७ मध्ये तिची दुसरी पिढी आली. जर्मनीत १९७९ पर्यंत ती बनत होती, तर ब्राझीलमध्ये तिचे उत्पादन २०१३ मध्ये थांबले. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून इस्तंबूल, तेहरान, काबूलमार्गे भारतात व पुढे गोव्याच्या अंजुणा किनाऱ्यापर्यंत आलेल्या प्रवाशांच्या ताफ्यांत या गाड्या असत. त्यामुळे आपल्याकडील जुन्या पिढीलाही ती अगदीच अपरिचित नाही.

आजही युरोपात अशा अनेक गाड्या रस्त्यावर आहेत. जर्मनीत तीस वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात जतन केलेल्या वाहनांना १९९७ पासून ऐतिहासिक वाहनाचा विशेष क्रमांक मिळतो. मात्र तेथील द्रुतगती मार्गावर मालमोटारींना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, तर मोटारींसाठी १९७८ पासून १३० किलोमीटर हा शिफारस केलेला वेग आहे. जुनी कॅम्पर व्हॅन या दोहोंच्या मध्ये सापडते. मागून येणाऱ्या वाहनांचा दबाव असतो आणि ‘इंजिन ट्यून करून वेग वाढवावा’ असे मालकास वाटू लागते. हे वाटणे कितपत योग्य आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

उद्दिष्टे :

१. महामार्गावर ठरावीक वेग राखण्यासाठी या गाडीस किती शक्ती लागते ते पाहणे.
२. वेग आणि इंजिनाची उष्णता यांचा संबंध स्पष्ट करणे.
३. ट्यूनिंग या संकल्पनेचा यथार्थ अर्थ व तिच्या मर्यादा मांडणे.

अभ्यासपद्धती :

सदर लेखात १९७१ च्या सुमारास प्रचलित असलेले १५८४ घन सेंटीमीटर क्षमतेचे, हवेने थंड होणारे चार सिलिंडरचे इंजिन विचारात घेतले आहे. त्याची शक्ती मिनिटाला ४००० फेऱ्यांवर ५० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ३७ किलोवॅट इतकी आहे. माणसे व सामानासह गाडीचे वजन १६०० किलोग्रॅम, वायुरोध गुणांक आणि दर्शनी क्षेत्रफळ यांचा गुणाकार १.२५ चौरस मीटर, चाकांचा घर्षणरोध वजनाच्या १.४ टक्के आणि गिअरमधून चाकापर्यंत पोहोचणारी शक्ती ९० टक्के अशी गृहीतके धरली आहेत. ही गृहीतके आकलनासाठी असून प्रत्येक गाडीगणिक त्यांत थोडाफार फरक पडेल.

विषय विवेचन :

अ) वेग आणि शक्ती

सपाट रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला दोन विरोधांवर मात करावी लागते. चाकांचा रोध वेगाने फारसा बदलत नाही. हवेचा रोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वरील गृहीतकांनुसार इंजिनाकडून लागणारी शक्ती पुढीलप्रमाणे येते.

तक्ता क्र. १ : वेगानुसार लागणारी शक्ती
ताशी ९० किमी : सुमारे १९ किलोवॅट (२६ अश्वशक्ती)
ताशी १०० किमी : सुमारे २५ किलोवॅट (३४ अश्वशक्ती)
ताशी ११० किमी : सुमारे ३१ किलोवॅट (४२ अश्वशक्ती)
ताशी १२० किमी : सुमारे ३९ किलोवॅट (५३ अश्वशक्ती)

यावरून असे दिसते की ताशी ९० किलोमीटर वेगात इंजिन आपल्या निम्म्या शक्तीनिशी काम करते, तर १२० साठी लागणारी शक्ती त्याच्याजवळ नाहीच. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. केवळ वायुरोधाचा विचार केला तर शक्ती १० टक्क्यांनी वाढविल्यास कमाल वेग जेमतेम ३ टक्क्यांनी वाढतो. ट्यूनिंगसाठी केलेल्या मोठ्या खर्चाचे वेगाच्या काट्यावर दिसणारे फळ इतके अल्प का असते, याचे उत्तर या घनाच्या नियमात आहे.

घाटरस्त्यावर चित्र आणखी बदलते. आल्प्स पर्वतातील ६ टक्के चढावर ताशी ६० किलोमीटर वेग राखण्यासाठी सुमारे २५ किलोवॅट शक्ती लागते. चौथ्या गिअरमध्ये या वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे २१५० फेरे घेते आणि तेवढ्या फेऱ्यांवर ही शक्ती ते देऊ शकत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये फेरे सुमारे ३३०० होतात व शक्ती पुरते. त्याचबरोबर इंजिन थंड ठेवणारा पंखा क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरत असल्याने त्याचा वेगही दीडपट होतो. इंजिनाचा आवाज वाढला म्हणून घाबरून वरचा गिअर टाकणारा चालक प्रत्यक्षात इंजिनाची हवाच कमी करीत असतो.

आ) वेग आणि उष्णता

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात रेडिएटर तापमान आवरून धरतो. या इंजिनात ती सोय नाही. येथे हवा आणि तेल हेच दोन आधार आहेत आणि तेलही अवघे अडीच लिटर असते.

इंजिनाची कार्यक्षमता २५ टक्के धरल्यास ताशी ९० किलोमीटर वेगात सुमारे ५७ किलोवॅट उष्णता बाहेर टाकावी लागते. ताशी ११० किलोमीटर वेगात ती सुमारे ९४ किलोवॅट होते. त्यातील काही भाग धुरावाटे जातो, उरलेली उष्णता हवेला व तेलाला वाहून न्यावी लागते. म्हणजे वेग २२ टक्क्यांनी वाढला, पंख्याचे फेरेही तेवढेच वाढले, परंतु उष्णता जवळपास ६५ टक्क्यांनी वाढली. पंखा आणि उष्णता यांच्या या शर्यतीत पंखा मागे पडतो. प्रस्तुत लेखाचा गाभा या एका तुलनेत आहे. गाडी ११० ने धावू शकते, हे खरे. ती तासन् तास त्या वेगाने धावावी काय, हा प्रश्न मात्र वेगळा आहे.

या उष्णतेचा पहिला बळी बहुधा तिसऱ्या सिलिंडरची एक्झॉस्ट झडप असते. जुन्या रचनेत तेल थंड करणारा कूलर याच सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत उभा होता. पुढे १९७१ च्या मॉडेलपासून तो बाजूला हलविण्यात आला. झडप बंद असताना आपली उष्णता बैठकीला देते. अतिउष्णतेने झडप ताणली गेली की टॅपेटमधील फट कमी होते, फट संपली की झडप पूर्ण बसत नाही, बसली नाही की उष्णता देऊ शकत नाही आणि म्हणून आणखी तापते. हे चक्र एकदा सुरू झाले की झडपेचे डोके तुटून सिलिंडरमध्ये पडण्यापर्यंत जाऊ शकते. एक धातूचा तुकडा संपूर्ण इंजिन निकामी करतो.

इ) ट्यूनिंगचा यथार्थ अर्थ

सर्वसामान्य समजुतीत ट्यूनिंग म्हणजे शक्ती वाढविणे. वाद्य सुरात लावणे याला आपण वाद्याचा आवाज वाढविणे म्हणत नाही. इंजिनाचेही तसेच आहे. यासाठी पुढील क्रम महत्त्वाचा ठरतो, कारण आधीची पायरी चुकल्यास नंतरची जुळणी फसवी ठरते.

पहिली पायरी झडपांची. इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेटची फट ०.१५ मिलिमीटर ठेवावी. एखाद्या झडपेची फट प्रत्येक तपासणीत कमी होत असेल तर ती झडप ताणली जात आहे, ही धोक्याची सूचना समजावी.

दुसरी पायरी प्रज्वलनाची. प्रथम पॉइंटमधील अंतर ०.४ मिलिमीटर करावे आणि मगच टायमिंग पाहावे, कारण अंतर बदलले की टायमिंगही बदलते. ठिणगी फार लवकर पडल्यास स्फोटक ज्वलन होऊन दट्ट्या व सिलिंडर हेड तापतात. फार उशिरा पडल्यास जळते मिश्रण एक्झॉस्ट झडपेवरून जाते व तिला भाजते.

तिसरी पायरी कार्बोरेटरची. येथे इंधनातील बदल विसरून चालणार नाही. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर १० टक्के इथेनॉल असलेल्या इंधनास सुमारे १४.१ भाग. जर्मनीत २०११ पासून असे इंधन मिळते आणि ब्रिटनमध्ये २०२१ पासून ते प्रमाणित झाले. जुन्या जेटवर हे इंधन वापरल्यास मिश्रण सुमारे ४ टक्के विरळ होते आणि भरधाव गाडीत विरळ मिश्रण तापमान वाढविते. भारतातही २०२५ मध्ये २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला गेला असल्याने जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या व स्कूटर बाळगणाऱ्यांना हा मुद्दा तितकाच लागू आहे.

चौथी बाब ट्यूनिंगच्या व्याख्येत सहसा येत नाही, पण ती सर्वांत महत्त्वाची आहे. इंजिनाभोवतीचे पत्रे व रबरी पट्ट्या या शोभेच्या वस्तू नाहीत. त्या वरील थंड हवा आणि खालील तप्त हवा वेगळी ठेवतात. दुरुस्तीत त्या काढून टाकल्यास पंखा तीच गरम हवा पुन्हा ओढतो. तसेच पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या इथेनॉलमुळे लवकर जीर्ण होतात. इंजिन मागे, नळी तप्त भागाजवळ आणि पुढे लाकूड, पडदे व झोपलेली माणसे, अशी या गाडीची रचना आहे. काही मोजक्या रकमेची नळी वेळेत न बदलल्याने गाडी जळणे, हा या वाहनप्रकारातील परिचित अपघात आहे.

ई) मोठे इंजिन हा पर्याय

स्वतः कंपनीनेही शक्तीची उणीव ओळखली होती. १९७२ च्या मॉडेलपासून १७०० घन सेंटीमीटरचे, पुढे १८०० चे आणि १९७६ च्या मॉडेलपासून ७० अश्वशक्तीचे २००० घन सेंटीमीटरचे इंजिन देण्यात आले. मात्र ते केवळ मोठे केलेले जुने इंजिन नव्हते, तर त्याची रचनाच निराळी व अधिक दणकट होती. जुन्याच इंजिनात मोठे सिलिंडर व दोन कार्बोरेटर बसविल्यास शक्ती वाढते, परंतु पंखा, तेल आणि झडपा यांची मूळ मर्यादा कायम राहते. अशा वेळी जादा ऑइल कूलर व तापमापक बसविणे हा बदलाचा भागच मानला पाहिजे. शिवाय ब्रेकची क्षमता न वाढविता वेग वाढविणे हे उघडच अविचाराचे ठरते.

निष्कर्ष :

१. मूळ ५० अश्वशक्तीच्या गाडीसाठी ताशी ८५ ते ९० किलोमीटर हा दीर्घ प्रवासाचा समतोल वेग ठरतो. या वेगाला ती मालमोटारींच्या ओघातून सुरक्षितपणे पुढे राहू शकते.
२. वेग थोडा वाढविताच उष्णता पंख्याच्या क्षमतेपेक्षा अधिक गतीने वाढते. म्हणून इंजिनाचे आयुष्य ठरविण्यात कमाल वेगाइतकाच, किंबहुना अधिक, सततच्या वेगाचा वाटा असतो.
३. ट्यूनिंगचा पहिला हेतू तापमान मर्यादेत ठेवणे हा असावा. शक्ती हे त्याचे अनुषंगिक फळ होय.

समारोप :

वायुगतिकी, उष्मागतिकी, रसायनशास्त्र आणि रस्तासुरक्षा हे विषय आपण वर्गात स्वतंत्रपणे शिकवितो. एका जुन्या व्हॅनच्या इंजिनात ते एकत्र येतात आणि त्यांतील एकाकडे केलेले दुर्लक्ष दुसऱ्याच्या हिशेबात वसूल होते. विद्यार्थ्यांना घनाचा नियम फळ्यावर शिकविताना तक्ता क्र. १ मधील चार ओळी त्यांच्याकडून काढून घेतल्यास तो नियम त्यांच्या कायमचा लक्षात राहील, असे प्रस्तुत लेखकास वाटते. जुन्या गाडीच्या मालकासाठीही त्याच चार ओळी पुरेशा आहेत. मागच्या वाहनाने कितीही हॉर्न वाजविला तरी आपल्या इंजिनाने पेलता येईल तोच वेग ठेवणे, यात कमीपणा नाही.