पट मांडावा घरी

मूल शिकण्याच्या वयात आले की त्याच्या हाती पाटी द्यावी, हे आमच्या भागात कोणास सांगावे लागत नाही. गोदाकाठचे बासर मुधोळपासून जवळच; तेथे ज्ञानसरस्वतीच्या दारी अक्षराभ्यासासाठी दूरदूरची मुले येतात. पाटीविषयी एवढा आदर बाळगणारे पालक पटाविषयी मात्र उदासीन असतात. सोंगट्या म्हणजे वेळेचा अपव्यय, ही समजूत जुनी आहे आणि महाभारतातील द्यूताने तिला बळच दिले. परंतु पैजेवाचून खेळलेला पट हा लहानग्यांचा घरातील पहिला वर्ग होय. आणि महाराष्ट्राबाहेरील घरात तर तो मराठीचाही वर्ग होय, असे आम्हांस वाटते.

मुधोळ तालुका १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो आदिलाबादेस जोडला गेला आणि २०१६ पासून मुधोळ निर्मल जिल्ह्यात मोडते. सीमा हलल्या, घरे जागीच राहिली. मुलांची शाळा आता तेलुगू वा इंग्रजी. घरात मराठी आहे. पण ती पुष्कळदा ‘जेवलास का?’, ‘अभ्यास झाला का?’ एवढ्यावर येऊन थांबते. पटाभोवती बसले म्हणजे हीच भाषा मोकळी होते. तेथे मोजावे लागते, हक्क सांगावा लागतो, नियमावरून वाद घालावा लागतो, समोरच्याची समजूत काढावी लागते. आज्ञा ऐकणारे मूल युक्तिवाद करू लागते.

आरंभ कोणत्या खेळाने करावा? पाच-सहा वर्षांच्या मुलास सापशिडी पुरे. तीत निवड करावयाची नसते. फासा पडेल तितकी घरे चालावयाचे. म्हणूनच आजोबा आणि नात तेथे समान पातळीवर असतात. शिवाय एकापासून शंभरापर्यंतचे आकडे मोठ्याने म्हणावयास लावले, तर एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांचा गोंधळ खेळता खेळता सुटतो. इंग्रजी शाळेतील मुले नेमकी येथेच अडखळतात, हे पालक जाणतातच.

या खेळाचे मूळ आपल्याच मातीत आहे. मराठीत त्यास मोक्षपट म्हणत. परंपरा त्याचे कर्तृत्व श्रीज्ञानदेवांकडे देते. उपलब्ध पट मात्र बहुतांशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील आहेत. शिडीच्या पायथ्याशी सद्गुण आणि सापाच्या तोंडी दुर्गुण, अशी त्यांची मांडणी असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला. पुढे घरांची नावे गळाली, साप-शिड्या तेवढ्या उरल्या. घरी पुठ्ठ्यावर पट आखताना ती नावे पुन्हा घालता येतील. ‘खरे बोलणे’, ‘आळस’, ‘वाटून खाणे’ असे शब्द मुलानेच निवडावेत व मुलानेच लिहावेत. आपल्या तेलुगू शेजाऱ्यांकडे याच खेळास वैकुंठपाळी म्हणतात, हेही त्यास सांगावे.

पुढची पायरी पंचवीस घरांच्या पटाची. आपल्याकडे कोणी त्यास चल्लस-आठ म्हणते, शेजारी तो अष्टा-चम्मा. खडूने पाच गुणिले पाच घरे आखावीत. चार कवड्या, अथवा एका बाजूने घासून पांढरे केलेले चार चिंचोके घ्यावेत. जितके उताणे तितके दान. चारही उताणे पडले तर चार, चारही पालथे पडले तर आठ, आणि या दोन्ही दानांना पुन्हा खेळावयास मिळते. फुलीच्या घरातील सोंगटी मारता येत नाही. दान दैवाचे असले, तरी चारांपैकी कोणती सोंगटी हलवावी, हा निर्णय मुलाचा. विचार येथून सुरू होतो. त्याने सोंगटी उचलण्यापूर्वी ‘ही का?’ एवढेच विचारावे. उत्तर मराठीतच येईल. ‘ती नको, ही हलव’ असे मात्र सांगू नये.

त्यानंतर वाघ-बकरी, तेलुगूतील पुलि-मेक. तीन वाघ, पंधरा बकऱ्या आणि दैवाचा संबंध नाही. एकेकटी बकरी खाल्ली जाते. मिळून चालल्या तर वाघाची वाट बंद होते. याहून सोपा एकीचा पाठ आम्हांस ठाऊक नाही. मग बुद्धिबळ आहेच.

मुलाने हरल्यावर पट उधळला तर काय करावे? रागावू नये, सोंगट्या त्याच्याकडूनच गोळा करवाव्यात आणि दुसरा डाव दुसऱ्या दिवशी मांडावा. मुलाने रडू नये म्हणून मुद्दाम हरणे, हा लाड घातक. मुलास ते कळते, आणि जिंकण्याची गोडी जाते. त्यापेक्षा उघड सवलत द्यावी: आजोबांनी वाघ घेतले तर एक वाघ कमी घ्यावा. सवलत हळूहळू काढून घ्यावी. मोठ्यांनीही हरताना हसून ‘छान खेळलीस’ म्हणावे. हरण्याची रीत मूल पाहूनच शिकते.

हे खेळ म्हणजे पोरखेळ नव्हेत. निजामी मुलखातील औरंगाबादचे पंडित हरिकृष्ण यांनी १८७१ च्या सुमारास ‘क्रीडाकौशल्य’ हा संस्कृत ग्रंथ खेळांवरच रचला. महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९७४ साली मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. बहिणी जयश्री व रोहिणी याही राष्ट्रीय विजेत्या झाल्या. आंध्रच्या कोनेरू हंपी यांना वडिलांनीच घरी खेळ शिकविला. जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत त्यांच्यासमोर नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख बसली आणि जिंकली. एक तेलुगू घर, एक मराठी घर, आणि मध्ये चौसष्ट घरांचा पट! सीमेवरील आम्हांस त्या दोघीही आपल्याच वाटल्या.

प्रत्येक मूल विजेते होणार नाही, आणि तसा हट्टही नसावा. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दिवेलागणीनंतर अर्धा तास, मोबाइल दूर ठेवून घरातील तीन पिढ्या एका पटाभोवती बसाव्यात. खर्च खडूचा व चार चिंचोक्यांचा. मुलाचा उत्साह टिकून आहे तोवरच डाव आवरावा; म्हणजे उद्या पट मांडा, असे तेच म्हणेल, आणि तेही मराठीत.