पोत्यातल्या लेझिमा

पोत्याची सुतळी सुटली की आधी वास येतो. लोखंडाचा, जरा गंजाचा, आणि त्यावर चोळलेल्या खोबरेलाचा. मग आवाज. आत वीस-पंचवीस लेझिमा एकमेकींत गुंतून बसलेल्या असतात. एक ओढावी तर तिच्या साखळीला धरून आणखी दोन बाहेर येतात. धारेश्वराच्या यात्रेच्या रात्री धायरी गावठाणात अशी चार पोती रिकामी होताना मी पाहिली. पालखी निघायला अवकाश होता. ताशेवाला काड्यांनी ताशाच्या कडेवर हळूच टकटक करून पाहत होता, ढोलाच्या दोऱ्या ताणल्या जात होत्या, आणि डोक्याला फेटा बांधलेले एक सत्तरीचे गृहस्थ पोत्यातली प्रत्येक लेझीम हातात घेऊन एकदा उघडून मिटून पाहत होते. ज्या लेझिमीचा आवाज त्यांना पटत नव्हता, ती ते बाजूला ठेवत होते.

मी तिथे पाहुणीच होते. आमची सोसायटी गावठाणापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे, पण तिथे राहायला येऊन बरीच वर्षं झाली तरी मी यात्रेला गेले नव्हते. धायरी हे मुळात हवेली तालुक्यातलं, सिंहगडाच्या वाटेवरचं गाव. २०१७ च्या ऑक्टोबरात पुणे महापालिकेत जी अकरा गावं आली त्यांत तेही होतं. आता सिंहगड रस्त्याने फाट्यावर वळलं की दुकानं, लहान-मोठी वर्कशॉप, इमारती, पुन्हा इमारती. आमच्याकडच्या पुष्कळांना धायरी म्हणजे हा फाटा, तिथली वाहनकोंडी आणि टँकर एवढंच ठाऊक असतं. धारेश्वर हे ग्रामदैवत आहे हे मला रिक्षाच्या मागच्या काचेवरच्या अक्षरांवरून कळलं होतं.

आणि त्याच्या आदल्याच वर्षी मी अथेन्सला जाऊन, तिकीट काढून, ग्रीक लोकनृत्यं पाहून आले होते. यात्रेच्या रात्री ही गोष्ट मनाला फार लागली.

अथेन्सचा तो कार्यक्रम उत्तम होता, हे आधी सांगायला हवं. अक्रोपोलिसच्या समोर फिलोपाप्पू नावाची पाइन वृक्षांची टेकडी आहे. तिच्या कुशीत उघड्यावरचं नाट्यगृह आहे, दोरा स्त्रातू यांच्या नावाचं. या बाईंनी १९५३ मध्ये लोकनृत्यांची संस्था काढली. बेटाबेटांवरचे, डोंगराडोंगरांतले नाच, गाणी आणि पोशाख गोळा करण्यात उरलेलं आयुष्य घातलं. १९६० च्या दशकात टेकडीवर नाट्यगृह उभं राहिलं, आणि १९८८ मध्ये त्या गेल्या तेव्हा मागे एक चालती संस्था होती. तिच्याकडे दोन हजारांहून अधिक पोशाख आहेत, त्यांतले पुष्कळ खेड्यांतून विकत घेतलेले, कुणाच्या तरी आजीने लग्नात नेसलेले. उन्हाळ्यात संध्याकाळी खेळ होतात. वाद्यं रंगमंचावरच वाजतात.

कलामातियानोस नावाचा नाच सुरू झाला तेव्हा माझी बोटं आपोआप मांडीवर मोजायला लागली. सात मात्रा, तीन-दोन-दोन. शेजारी कुणी मराठी माणूस असता तर त्याला लगेच सांगितलं असतं की हे विभाग रूपक तालाचे आहेत. त्सामिको या नाचात फेराच्या टोकाचा पुढारी हवेत उसळ्या घेतो. त्याच्या आणि त्याच्या शेजारच्याच्या हातात एकाच रुमालाची दोन टोकं असतात. उसळी घेणारा सगळा भार त्या रुमालावर टाकतो आणि शेजारचा पाय रोवून तो पेलतो. टाळ्या उसळी घेणाऱ्याला पडतात. मी मात्र रुमाल धरणाऱ्याच्या मनगटाकडेच पाहत राहिले.

खेळ संपला, लोक उठले, आम्ही उतार उतरून बसथांब्याकडे गेलो. रंगमंचावरच्या एकाही माणसाशी माझी नजरानजर झाली नव्हती. हा त्या संस्थेचा दोष म्हणता येणार नाही. नाच ज्या जत्रेत जन्मतो तिला ग्रीक भाषेत पनिगिरी म्हणतात. गावाच्या संताचा दिवस, देवळासमोरचं पटांगण, रात्रभर जेवणं आणि फेर. ती जत्रा उचलून शहरात आणता येत नाही. दोरा स्त्रातूंनी जेवढं येण्यासारखं होतं तेवढं आणलं. मूळ जागी तो नाच अजून आहे. उत्तर ग्रीसच्या डोंगरातल्या व्लास्ती गावात १५ ऑगस्टच्या सणाच्या दिवसांत त्रानोस खोरोस, म्हणजे मोठा नाच, होतो. त्यात वाद्य नसतं, फेर धरलेले लोकच गातात. शहरांत आणि परदेशांत गेलेली माणसं त्या दिवसांसाठी गावी परततात. युनेस्कोने २०२२ मध्ये हा सण आपल्या यादीत घेतला. मी अथेन्समध्ये होते तेव्हा व्लास्तीचं नावही मला माहीत नव्हतं, जसं धायरीत राहून यात्रा माहीत नव्हती.

बघणं आणि करणं यांतला हा फरक मराठी भाषेलाही ठाऊक आहे. आपण तमाशा बघतो, लावणी बघतो आणि ऐकतो, गोंधळाला बसतो. फुगडी, झिम्मा, टिपऱ्या आणि लेझीम मात्र आपण खेळतो. लेझीम नाचली असं कुणी म्हणत नाही. लेझीम बघितली असंही सहसा कुणी म्हणत नाही. मिरवणूक बघितली, तिच्यात लेझीम होती, एवढंच. क्रियापदाने हिशेब आधीच करून ठेवला आहे. या खेळात बघणाऱ्याची बैठक नाही.

ही वस्तू दिसायला फार साधी आहे. साधारण दीड फुटाचा गोल लाकडी दांडा. त्याच्या दोन टोकांना कड्या, कड्यांना साखळी, साखळीच्या मधोमध धरायला मूठ. मुठीच्या दोन्ही बाजूंना साखळीत लोखंडी पत्र्याच्या चकत्या ओवलेल्या. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात मूठ. हात एकमेकांपासून लांब गेले की साखळी ताणते आणि चकत्या एकमेकींवर आपटतात, आवाज कोरडा आणि ठाम येतो. हात जवळ आले की साखळी सैल पडते, चकत्या घसरतात, आवाज सांडतो. सगळी लेझीम या दोन आवाजांवर उभी आहे. नवशिक्याचा पहिला दोष असा की तो हात पुरते लांब नेत नाही. मग ठाम आवाज येतच नाही, नुसती खुळखुळ होते. पन्नास जणांत पाच जण जरी असे असले तरी सगळी रांग विस्कटलेली ऐकू येते.

नीट पाहिलं तर हे धनुष्य आहे. दांडा म्हणजे कमान, साखळी म्हणजे प्रत्यंचा. शब्दही तिकडूनच आला. फारसीत लेझम म्हणजे तिरंदाजीच्या सरावाचं, ताण सोसायला शिकवणारं मऊ धनुष्य. इराणच्या जुरखान्यांत, म्हणजे तिथल्या पारंपरिक तालमींत, कब्बादे नावाचं अवजड लोखंडी धनुष्य अजून फिरवतात. त्यालाही दोरीऐवजी साखळी असते आणि साखळीत चकत्या असतात. पहिलवान ते डोक्यावर धरून एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे झुलवतात, आणि ढोलाच्या तालावर तो खळखळाट उठतो. ती चित्रफीत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा आवाज ओळखायला मला क्षणही लागला नाही. आपल्याकडे ही वस्तू तालमीतून आली, आखाड्याच्या मातीतून. दंड, खांदे आणि मांड्या घडवायला ती होती. इराणात ती एकेकट्या पहिलवानाच्या डोक्यावर राहिली. आपल्याकडे मात्र हलकी होऊन रांगेत उतरली, पालखीपुढे चालायला लागली, आणि माझ्या मते हेच महाराष्ट्राने तिला दिलेलं मोठं देणं आहे.

शाळेत ती कवायत म्हणून आली. माझ्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शनिवारी सकाळी पी.टी.चे सर ढोल घेऊन उभे राहायचे आणि आज्ञा सगळ्या हिंदीत. चार आवाज, एक जगह, आधी लगाव, पवित्रा, दो रुख, आगे फलांग, पीछे फलांग. मराठी शाळेत हिंदी आज्ञा का, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. पुढे कळलं की बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात प्राध्यापक माणिकरावांनी सांघिक व्यायामाची घडी बसवली, इंग्रजी कवायतीच्या जागी देशी आज्ञा आणल्या, आणि ती शिस्त पुढे दूरवर गेली. त्याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले आणि मल्लखांब, बोथाटी, कुस्ती यांच्या पंक्तीला लेझीमही शास्त्र म्हणून मांडली. अखेर १९८२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनाला सांगलीचे चारशे खेळाडू मैदानात लेझीम खेळले. रंगीत दूरदर्शन त्याच वर्षी आलं होतं.

धायरीत मात्र फलांग वगैरे कुणी म्हणत नव्हतं. तिथे डाव म्हणतात, आणि डाव बदलायची आज्ञा म्हणजे वस्तादाची शिट्टी. लेझिमा तपासणारे ते फेटेवाले गृहस्थच वस्ताद होते. दोन रांगा समोरासमोर, मधून ते उलटे चालत, तोंडात शिट्टी, डोळे एकदा या रांगेच्या पायांवर, एकदा त्या. लांब शिट्टी झाली की सध्याचा डाव पुरा करायचा, आखूड शिट्टीवर नवा धरायचा. रांगेत धोतर-टोपीतले चार-पाच म्हातारे होते, जीन्सवरची पोरं होती, आणि टोकाला शाळकरी मुली होत्या. पूर्वी गावात फक्त पुरुष खेळायचे, असं शेजारी उभ्या असलेल्या एका काकूंनी सांगितलं. त्यांची नात रांगेत होती आणि तिच्यावरून त्यांची नजर हटत नव्हती.

वाद्यं म्हणाल तर दोन ढोल, एक ताशा, एक झांज. बस. आणि इथे मला एक गोष्ट स्पष्ट म्हणायची आहे. पुण्याच्या गणपतीत पूर्वी मुळशी, मावळ, वेल्हे, हवेली या भागांतल्या गावांची ढोल-लेझीम पथकं येत. पुढे शाळांची पथकं उतरली. त्यात ज्ञानप्रबोधिनीच्या अप्पासाहेब पेंडसे यांचं नाव आदराने घेतात, आणि ते योग्यच आहे. त्यातून शहरातल्या हजारो तरुण मुलामुलींच्या गळ्यात ढोल आला. पण एका पथकात पन्नास-साठ ढोल झाले तेव्हा लेझीम बुडाली. तिला दोन ठोक्यांच्या मधली जागा लागते. ढोल 'धाड' म्हणतो आणि क्षणभर गप्प बसतो, त्या गप्प क्षणात शंभर चकत्या एकदम वाजायच्या असतात. ढोल गप्पच बसला नाही तर हातांची ओढ नुसती दिसते, कानांना काही मिळत नाही. दोन ढोलांमागे चाळीस लेझिमा हे धायरीतलं प्रमाण कुणी ठरवून काढलं नसेल, पण कान त्यावर तयार झालेले होते. गावात ताशाच्या काड्यांचा तडतडाटही सुटा सुटा ऐकू येत होता.

मी फोन काढून उभी होते. पहिला डाव संपला. घाम पुसत वस्ताद बाजूला आले आणि फोनकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, उभं राहून काय बघताय, धरा की." हातातली लेझीम त्यांनी पुढे केली. मी म्हटलं, शाळेनंतर धरली नाही. "मग येती की तुम्हाला," ते म्हणाले, आणि काकूंनी माझी पर्स स्वतःच्या खांद्याला लावली सुद्धा.

तीस वर्षं झाली असतील. दांडा डाव्या हातात गेला, मूठ उजव्या हातात. कोणता हात कशाला हे मला आठवावं लागलं नाही. शिट्टी झाली. डाव साधाच होता, आम्ही ज्याला चार आवाज म्हणायचो त्याचाच भाऊबंद. वाकून पायाशी एक, उठता उठता दुसरा, छातीशी तिसरा, बाजूला झुकून चौथा. पहिल्या फेरीत माझी खुळखुळ झाली. पलीकडच्या रांगेतली एक मुलगी, नववी-दहावीतली असेल, माझ्याकडे बघून स्वतःचे हात मुद्दाम जरा जास्त ताणून दाखवत राहिली. तिच्याकडे पाहून मी हात पुरते लांब नेले आणि आवाज मिसळला. एकदम, सगळ्यांच्या आवाजात. माझा वेगळा ऐकूच येईना. अथेन्सच्या त्या टेकडीवर रुमाल धरून उभ्या राहिलेल्या माणसाचं मनगट मला तेव्हा आठवलं.

मांड्या दहा मिनिटांत भरून आल्या. साखळीत अंगठ्याचं कातडं दोनदा चिमटलं. पालखी पुढे सरकत होती तशी रांग सरकत होती. दोन्ही अंगांना जुन्या घरांच्या ओट्यांवर बाया ओवाळायला उभ्या, पुढे नव्या इमारतींच्या गॅलऱ्यांतून लोक वाकून बघणारे. तिथे आमच्या सोसायटीतलं एक जोडपं मला दिसलं. त्यांनी हात केला. माझे दोन्ही हात अडकलेले होते, म्हणून मी मान हलवली आणि डाव चुकला, आणि पुन्हा पहिल्या मात्रेची वाट बघत एक फेर नुसती चालत राहिले.

उशिरा पालखी देवळाशी परतली. लेझिमा परत पोत्यांपाशी आल्या. वस्ताद जोडीजोडीने मोजून आत सोडत होते आणि एक पोरगा आकडा म्हणत होता. माझ्या तळव्यांना काळं लागलं होतं, बोटांना तोच लोखंडाचा वास. मी लेझीम त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती सवयीने उघडली, मिटली, कान दिला. मुठीजवळची एक चकती वाकली होती. खिशातून पकड काढून त्यांनी ती सरळ केली, पुन्हा एकदा साखळी झटकून ऐकली, आणि पोत्यात न टाकता बाजूला ठेवली, सकाळी तेल लावायच्या ढिगात.