गुलाबांचा वर्षाव

'हेलिओगाबालसचे गुलाब' हे प्राचीन रोमच्या जीवनावर आधारलेले एक प्रसिद्ध तैलचित्र आहे. लॉरेन्स अल्मा-टाडेमा यांनी ते १८८८ साली पूर्ण केले. नेदरलँड्समध्ये जन्मलेला हा चित्रकार १८७० पासून लंडनमध्ये स्थायिक झाला होता. १८६३ साली त्याने पाँपेईचे अवशेष पाहिले आणि पुढे रोमन जीवन हाच त्याच्या कलेचा प्रमुख विषय बनला.

प्रथमदर्शनी हे चित्र एखाद्या उत्सवाचे वाटते. संगमरवरी स्तंभांचे दालन, उंच आसनावर पहुडलेला सोनेरी वस्त्रांतील तरुण सम्राट, मागे जोडबासरी वाजवणारी स्त्री आणि सर्वत्र उधळलेल्या गुलाबी पाकळ्या! मात्र नजर खालच्या भागाकडे वळली, की या पाकळ्यांच्या राशीत बुडत चाललेली माणसे दिसू लागतात. ते सम्राटाचे पाहुणे आहेत. त्यांच्या चेहऱ्यांवर भीतीचा लवलेशही नाही. संकटाची जाणीव त्यांना अजून झालेली नाही.

हा प्रसंग एका प्राचीन लॅटिन चरित्रग्रंथातून घेतला आहे. हेलिओगाबालसने इ. स. २१८ ते २२२ या काळात राज्य केले. त्याने भोजनगृहाच्या छतातून फुलांचा एवढा वर्षाव केला, की काही पाहुणे गुदमरून मेले, असे तो ग्रंथ सांगतो. इतिहासकार या ग्रंथावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. शिवाय मूळ कथेत व्हायोलेटची फुले आहेत. चित्रकाराने त्यांच्या जागी गुलाब योजले. पाकळ्या हुबेहूब उतराव्यात म्हणून त्याने हिवाळ्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरून ताजे गुलाब मागवले होते.

या चित्राचे सामर्थ्य त्यातील विरोधात आहे. येथे शस्त्र नाही, रक्त नाही. कोमल फूलच मृत्यूचे साधन झाले आहे. वर बसलेल्यांसाठी जी करमणूक आहे, तोच खाली असलेल्यांचा अंत आहे. अनिर्बंध सत्तेला दुसऱ्याचे प्राणही खेळण्यासारखे वाटू लागतात, हे चित्रकाराने एकही शब्द न वापरता दाखवले आहे. पाकळ्यांच्या सौंदर्यात रमलेला प्रेक्षकही क्षणभर सम्राटाच्याच नजरेने ते दृश्य पाहत असतो. ही जाणीव त्याला अस्वस्थ करते आणि तेथूनच चित्राचे खरे रसग्रहण सुरू होते.