मोटारीत शिरलेले पाणी आणि न वाळणारी ओल

मोटार ही पाणबंद पेटी नसते. तिची रचना करणारे अभियंते काही ठिकाणी पाणी आत येणारच हे गृहीत धरतात आणि त्या पाण्याला ठरलेल्या वाटेने बाहेर काढण्याची सोय करतात. दाराची काच ज्या फटीतून खाली-वर होते तिच्या कडेला रबराची पट्टी असते. गॅरेजमध्ये तिला ‘बीडिंग’ म्हणतात. ही पट्टी काच पुसते, परंतु मुसळधार पावसात काचेवरून ओघळणारे सगळे पाणी ती अडवू शकत नाही, आणि म्हणून ते पाणी दाराच्या पोकळीत उतरून तळाशी ठेवलेल्या बारीक भोकांतून रस्त्यावर पडावे अशी योजना असते. सनरूफच्या काचेभोवती घराच्या छपराला असते तशी पन्हळ असून तिच्या कोपऱ्यांतून निघालेल्या नळ्या छताला आधार देणाऱ्या खांबांच्या पोटातून खाली जातात. पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरखाली जी जाळी दिसते तिच्याखालीही एक खोलगट जागा असते आणि काचेवरचे सारे पाणी तेथे जमून दोन्ही बाजूंनी चाकांच्या कमानीकडे वाहून जाते. मोटारीतील ओलीचा शोध घेताना पाणी आत कसे आले एवढेच विचारून भागत नाही ते याचमुळे. आलेले पाणी नेहमीच्या वाटेने बाहेर का पडले नाही, हा प्रश्न अनेकदा उत्तराच्या अधिक जवळ नेतो.

महाराष्ट्रातील शहरांत या वाटा बुजण्याचे एक कारण रस्त्याच्या कडेलाच उभे असते. गुलमोहर आणि सोनमोहर यांची पाने असंख्य बारीक पर्णिकांची बनलेली असतात, आणि सावलीसाठी या झाडांखाली लावलेल्या गाडीच्या वायपरजवळच्या जाळीतून या पर्णिका सहज आत पडतात, धुळीशी मिसळतात आणि पहिल्या दोन-तीन पावसांतच त्यांचा घट्ट गाळ तयार होतो. निचऱ्याचे तोंड बंद झाले की पाण्याची पातळी वाढत जाते आणि ज्या झरोक्यातून एसीचा पंखा बाहेरची हवा ओढतो त्या झरोक्यातून पाणी डॅशबोर्डमागे उतरते. अशा वेळी महागडे बीडिंग बदलूनही गळती थांबत नाही, आणि मूठभर गाळ काढला की ती थांबते.

नवी गाडी गळावी याचे मात्र पुष्कळांना आश्चर्य वाटते. मोटारीचा सांगाडा पत्र्याचे अनेक तुकडे वेल्डिंगने जोडून बनतो, आणि या जोडांवर एक लवचीक लेप भरला जातो. लेपात बोटभर जागा सुटली तरी चाकाने उडवलेले पाणी तेथून आत येऊ शकते. पत्र्यातून तारांचे जुडगे आत नेण्यासाठी ठेवलेल्या भोकांत ‘ग्रोमेट’ म्हणजे रबरी बुचे बसवलेली असतात आणि त्यांतील एखादे तिरके बसलेले असू शकते. काच ज्या पॉलियुरेथेनच्या चिकट थराने बसवतात त्यात खंड राहणे, मागच्या दिव्याखालची गॅसकेट नीट न दबणे, हेही दोष आढळतात. कारखान्यात तयार गाडीवर पाण्याचे फवारे सोडून चाचणी घेतली जाते, परंतु ती थोडा वेळ, उभ्या गाडीवर होते. घाटात तासन्‌तास चालणाऱ्या पावसात वाऱ्याचा दाब निराळा असतो आणि खड्ड्यांतून जाताना सांगाडा किंचित पिळवटतो, त्यामुळे चाचणीत न दिसलेली फट तेथे उघडी पडते. याशिवाय गाडी ताब्यात घेताना बसवून घेतलेल्या जोडसाहित्याकडे संशयाने पाहणे योग्य ठरते. दारात नवे स्पीकर बसवताना दाराच्या ओल्या पोकळीला आतल्या कोरड्या भागापासून वेगळे ठेवणारा प्लास्टिकचा पडदा उचकटला जातो आणि त्याची ब्युटाइलची चिकट पट्टी पुन्हा तितकी घट्ट बसत नाही. गाडीच्या तळाला गंज न चढावा म्हणून मारलेला काळा लेप निष्काळजीपणे फवारला गेला, तर निचऱ्याची भोकेच त्याखाली बुजतात.

पावसाशी काहीही संबंध नसलेली ओलही असते. एसीची ‘कूलिंग कॉइल’, म्हणजे ज्या थंड पात्यांवरून हवा फिरवून गार केली जाते तो भाग, हवेतील बाष्पाचे पाणी करते आणि हे पाणी एका नळीने गाडीखाली टपकते. ही नळी चिखलाने किंवा किड्याच्या घरट्याने बंद झाली, तर पाणी उलटे आत येते. भारतातील उजव्या हाताला सुकाणू असलेल्या गाड्यांत ही कॉइल बहुधा डाव्या बाजूला, ‘ग्लव्ह बॉक्स’च्या कप्प्यामागे असल्यामुळे शेजारच्या प्रवाशाच्या पायाखालचे कार्पेट प्रथम भिजते. कडक उन्हाळ्यात ओल दिसली, तर संशयाची सुई या नळीकडे वळवावी. ओल चिकट, रंगीत आणि गोडसर वासाची असेल, काचेवर तेलकट धुके धरत असेल, तर तो हीटरमधून गळणारा कूलंट असण्याची शक्यता असते. त्यात सामान्यतः इथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य असल्याने असे कार्पेट लहान मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून दूर ठेवून गाडी तातडीने दुरुस्तीस द्यावी.

ओल लक्षात येण्यास उशीर होतो याचे कारण कार्पेटच्या खाली दडलेले असते. आवाज व उष्णता अडवण्यासाठी तेथे पॉलियुरेथेन फोमचा जाड थर असतो, त्याची सूक्ष्म छिद्रे केशाकर्षणाने पाणी ओढून धरतात, आणि वरचे कापड हाताला कोरडे लागत असतानाही खालच्या फोममध्ये काही लिटर पाणी साठलेले असू शकते. त्यावर पूर्ण तळ झाकणाऱ्या, कृत्रिम चामड्याच्या मॅट अंथरल्या, तर बाष्प बाहेर पडण्याची उरलीसुरली वाटही बंद होते. या मॅट स्वच्छतेसाठी सोयीच्या असल्या, तरी पावसाळ्यात त्यांच्याखाली अधूनमधून हात घालून दाबून पाहणे आवश्यक आहे.

बुरशीचे बीजाणू कोठून येतात, हा प्रश्न गैरलागू आहे, कारण ते हवेत सदैव असतात. त्यांचा आकार बहुधा २ ते १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या काही पट, असतो आणि प्रत्येक वेळी दार उघडले की ते आत येतात. अॅस्परजिलस, पेनिसिलियम आणि क्लॅडोस्पोरियम या प्रजाती बंदिस्त ओल्या जागांत नेहमी आढळतात. त्यांना अन्नासाठी कापडच लागते असे नाही, कारण आसनावर बसलेली धूळ, त्वचेचे कण, घाम आणि सांडलेला खाऊ एवढे त्यांना पुरते. त्यांना खरी उणीव असते ती पाण्याची. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवा जितके बाष्प धरू शकते त्याच्या किती टक्के बाष्प तिच्यात आहे याचे माप होय. पृष्ठभागालगत हे माप दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहिले, तर बहुतेक बुरशी वाढू लागतात, आणि काही काटक जाती त्याहून कमी आर्द्रतेतही तग धरतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या हवेचीच आर्द्रता या पातळीच्या आसपास असते. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवली, तर बुरशी सहसा धरत नाही. हा अवधी उलटला की बीजाणूंतून तंतू फुटतात, ते विणीत शिरतात आणि मग वरवर पुसून भागत नाही.

कुबट वास हा या वाढीचा पुरावा असतो. वाढणारी बुरशी अनेक उडनशील संयुगे सोडते, आणि तिच्यासोबत राहणारे काही जीवाणू जिओस्मिन नावाचे संयुग तयार करतात. १९६५ मध्ये नॅन्सी गर्बर व ह्यूबर्ट लेशेव्हालिए यांनी ओळखून वेगळे केलेले हे संयुग पहिल्या पावसानंतरच्या मातीच्या सुगंधातही असते. शेतात जे मनाला सुखावते तेच बंद मोटारीत नकोसे होते, आणि मानवी नाक त्याचे अत्यल्प प्रमाणही टिपते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल व बुरशी यांविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली असून ओलसर जागेतील वास्तव्याचा संबंध दमा व श्वसनाच्या तक्रारी वाढण्याशी असल्याचे त्यांत नोंदवले आहे. इमारतींविषयीची ही तत्त्वे रोज तास-दोन तास मोटारीत घालवणाऱ्या दमेकऱ्यालाही सावध करणारी आहेत. सुगंधी द्रव्याची कुपी डॅशबोर्डवर चिकटवण्याने वास झाकला जातो, पण बुरशी वाढतच राहते, आणि एक उपयुक्त इशारा तेवढा हरवतो.

वाळवण्याचा प्रश्न थोड्या आकडेमोडीने स्पष्ट होतो. २७ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे २६ ग्रॅम बाष्प धरू शकते. पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्के असेल, तर त्यातील २२ ग्रॅम जागा आधीच भरलेली असते आणि फक्त ४ ग्रॅमची जागा उरते. फोममध्ये एक लिटर पाणी असेल, तर ते नेण्यास किमान २५० घनमीटर हवा लागेल, म्हणजे सुमारे ३ घनमीटरच्या मोटारीतील सगळी हवा ८० हून अधिक वेळा बदलावी लागेल, आणि तीही प्रत्येक वेळी पूर्ण संपृक्त होऊन बाहेर पडली तरच. नुसत्या काचा उघड्या ठेवून पावसाळ्यात कार्पेट का वाळत नाही, याचे उत्तर या हिशेबात आहे.

उन्हाबद्दलचा गैरसमजही असाच दूर होतो. काचा बंद करून गाडी उन्हात ठेवली आणि आतील तापमान ५० अंशांवर गेले, तर एक घनमीटर हवा सुमारे ८३ ग्रॅम, म्हणजे सबंध गाडीतील हवा २५० ग्रॅमच्या आसपास बाष्प धरेल. परंतु संध्याकाळी तापमान २७ अंशांवर उतरताच त्यातील सुमारे १७० ग्रॅम पाणी काच, छताचे अस्तर आणि सीटबेल्ट यांवर पुन्हा जमेल. अशा रीतीने खालच्या फोममधील ओल वरच्या कोरड्या कापडापर्यंत पोहोचते आणि बुरशीला नवे क्षेत्र मिळते. ऊन उपयोगी पडते ते काचा खाली केलेल्या असताना.

याउलट एसीची कॉइल हवेला १० अंशांपर्यंत थंड करते तेव्हा त्या हवेत घनमीटरमागे सुमारे ९ ग्रॅमच बाष्प उरते आणि बाकीचे पाणी नळीने बाहेर जाते. हीच हवा हीटरने ३० अंशांवर आणली की तिच्यात आणखी सुमारे २० ग्रॅमची जागा तयार होते, म्हणजे बाहेरच्या पावसाळी हवेच्या पाचपट. म्हणून एसी आणि हीटर एकाच वेळी चालू ठेवणे, जे वरकरणी विसंगत वाटते, ते वाळवण्याचे उत्तम साधन आहे. मात्र हे उघड्या जागेतच करावे, कारण बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवल्यास कार्बन मोनॉक्साइडने जीव जाऊ शकतो. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ०.७ युनिट विजेइतकी उष्णता लागते, आणि जाड फोमच्या तळातून बाष्प वर येण्यास वेळही लागतो. म्हणून फोममध्ये पाणी साचले असेल, तर आसने काढून कार्पेट उचलणे, पाणी शोषक यंत्राने ओढून घेणे आणि दोन्ही बाजूंनी पंखा लावणे याला पर्याय नाही. सिलिका जेलच्या पुड्या स्वतःच्या वजनाच्या फार तर तिसऱ्या हिश्शाएवढे पाणी घेतात, तेव्हा त्या कोरड्या गाडीची राखण करू शकतात, भिजलेली गाडी वाळवू शकत नाहीत.

अर्थात गळतीची जागा सापडण्याआधी वाळवणे व्यर्थ असते. शोधाची खात्रीची रीत अशी की आतले आवरण काढून एकाने विजेरी घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने साध्या नळीने, कमी दाबाने, सर्वांत खालच्या भागापासून सुरुवात करून एकेका जागी काही मिनिटे पाणी सोडत वर सरकावे. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे जातो आणि काहीच कळत नाही. संशयित जोडाखाली टाल्कम पावडर भुरभुरली की पाण्याची रेघ स्पष्ट उमटते. पाणी जेथे साठते तेथेच ते शिरलेले असते असे नाही, कारण ते पत्र्याच्या कडेने व तारांच्या जुडग्यावरून दूरवर जाते.

बुरशी काढताना कोरड्या ब्रशने घासणे टाळावे, त्याने बीजाणू उधळतात. मुखपट्टी लावून, दारे उघडी ठेवून, सौम्य साबणाच्या पाण्याने कापड पुसून लगेच वाळवावे. कठीण प्लास्टिकवर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते, चामड्यावर मात्र ते रंग उडवू शकते. ब्लीच मोटारीत वापरू नये, कारण ते कापड विटवते, धातू गंजवते, आणि व्हिनेगरसारख्या आम्लाशी मिसळल्यास क्लोरीन वायू सोडते. फोमच्या आतपर्यंत बुरशी गेली असेल, तर तो तुकडा बदलणेच शहाणपणाचे. एसी सुरू करताच वास येत असेल, तर बुरशीचे घर कॉइलवर असते. तेव्हा केबिन फिल्टर बदलावा, कॉइल साफ करून घ्यावी, आणि प्रवास संपण्यापूर्वी काही मिनिटे एसी बंद करून पंखा चालू ठेवावा, म्हणजे कॉइल कोरडी होते.

आजच्या मोटारीत आसनांखाली आणि कार्पेटखाली तारांचे जोड असतात, त्यांत एअरबॅगचे पिवळ्या रंगाचे जोडही येतात. तेथे हिरवट क्षार दिसला, तर त्यांना घरी हात न लावता ते काम प्रशिक्षित कारागिराकडे द्यावे. वॉरंटीतील गाडीबाबत प्रत्येक भेटीचे जॉब कार्ड लिहून घेणे महत्त्वाचे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला असून त्यानुसार सदोष वस्तूबद्दल जिल्हा आयोगाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, आणि तेथे छायाचित्रांइतकेच वजन या कागदांना असते. कोणत्या आसनापुढे ओल आली, ती पावसानंतर की एसी चालवल्यावर, गाडी उताराकडे तोंड करून उभी होती की चढाकडे, हा तपशील त्या कार्डावर तारखेसह नोंदवला, तर कारागिरालाही शोध कोठून सुरू करावा हे कळते.