अकरावीचा फॉर्म आणि घरातला देव

दहावीचा निकाल लागला की आमच्या महिला मंडळाच्या खोलीत आठवडाभर बसायलाही जागा नसते. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला जातीचा. पण एक प्रश्न बायका जरा आवाज खाली करूनच विचारतात. "ताई, ते कॉलेज सिस्टर लोकांचं आहे. घालू का पोरीला?" नाहीतर मोहल्ल्यातली एखादी भाभी म्हणते, "हिचे अब्बा म्हणतात मदरशात पाठवू, ही म्हणते सायन्स."

मैत्रिणींनो, आपल्याकडे धार्मिक कॉलेज आणि बिगरधार्मिक कॉलेज अशी स्वच्छ वाटणी मुळातच नाही. मुंबईचं सेंट झेवियर्स १८६९ साली जेझुइट धर्मगुरूंनी काढलं, पण तिथे सगळ्या धर्मांची मुलं शिकत आली आहेत. उलट ज्याला आपण 'साधं' कॉलेज म्हणतो, तिथेही शारदापूजन होतं, कुठेकुठे सत्यनारायणही होतो. आपल्या डोळ्यांना ते खुपत नाही, कारण ते आपल्या घरातलंच असतं. भाभींच्या मुलीला मात्र ते दिसतं.

आणि हा घोळ काही आजचा नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या जाती-धर्मांच्या मुलांसाठी वेगवेगळी वसतिगृहं उभी करायला हात दिला. खेड्यातली मुलं शहरात टिकली ती त्यामुळेच. त्यांतल्याच जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील राहत होते. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला ते गेले, परत आल्यावर आंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंगला मुकले. पुढे १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारं वसतिगृह काढलं. आपल्या धर्माच्या छपराखाली आसराही मिळतो आणि कधीकधी दारही बंद होतं, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

कायदा काय म्हणतो, तेही माहीत असू द्या. घटनेच्या कलम २८ प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या संस्थेत कुणालाही सक्तीने धार्मिक शिक्षण देता येत नाही किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. मूल अठराच्या आतलं असेल तर पालकांची संमती लागते. म्हणून प्रवेशाच्या कागदांवर सही करताना वाचा हो! आपण बायका साडीची पट्टी दहा वेळा उलटून बघतो आणि फॉर्मवर मात्र बोट दाखवतील तिथे सही करतो.

आमच्या ओळखीतल्या एका घरची गोष्ट सांगते. वडील एसटीत कंडक्टर, आई शिवणकाम करते, मुलीला ८८ टक्के. जिल्ह्याच्या गावी दोन कॉलेजं. एक सिस्टर लोकांचं, आवारातच वसतिगृह असलेलं. दुसरं जुन्या शिक्षणसंस्थेचं, अनुदानित, पण वसतिगृह नाही. रोज एसटीने जाऊन-येऊन तीन तास. आजीचं एकच पालुपद, "पोरीला बाटवतील." आईला वसतिगृहाचा दगडी कंपाउंड आवडलेला. मुलीला कुणी काही विचारलंच नव्हतं.

मी त्यांना म्हटलं, दोन्ही कॉलेजांत साध्या दिवशी जाऊन या, आणि पोरीला बोलू द्या. सिस्टरांच्या कॉलेजात सकाळी पाच मिनिटं प्रार्थना असते. धर्माचा तास फक्त ख्रिस्ती मुलींना, बाकीच्यांना मूल्यशिक्षण. टिकली चालते, काचेच्या बांगड्या नाहीत. दिवाळीला घरी सोडतात. मोबाइल मात्र फक्त रविवारी. खरी अडचण निघाली ती पैशांची. विनाअनुदानित तुकडी, त्यात वसतिगृहाची फी. शिवाय अल्पसंख्याक संस्थांत जातीचं आरक्षण नसतं. २०२५ मध्ये शासनाने अकरावीला ते लागू करायचं ठरवलं होतं, पण उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. म्हणजे ओबीसीचा दाखला तिथे कामाचा नाही. बाटण्याची चर्चा महिनाभर झाली, या गोष्टीची एकदाही झाली नव्हती!

दुसऱ्या कॉलेजात फी नावापुरती. पण प्रयोगशाळेला कुलूप आणि फिजिक्सच्या सरांची जागा रिकामी. मुलगी बसमध्ये आईला म्हणाली, "रविवारी फोन चालेल गं मला, पण फिजिक्स कोण शिकवणार?" घरात त्यावर उत्तर नव्हतं. वडिलांनी पतपेढीचं कर्ज काढलं. आजीने बॅगेत विठोबाचा छोटा फोटो ठेवला. तो कपाटाच्या आत लावायची परवानगी आहे, भिंतीवर नाही. आजीला हे पटलेलं नाही आणि ती ते येताजाता बोलून दाखवते.

मोहल्ल्यातल्या मुलीचा पेच जास्त अवघड होता. निवासी मदरशात आलिमाचा पाच वर्षांचा कोर्स, खर्च काही नाही, आणि मुलगी डोळ्यांसमोर नसली तरी धर्माच्या सावलीत. अब्बांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं. गावातल्या कॉलेजात डोक्यावरच्या ओढणीचं काय, ही त्यांची खरी भीती. चेंबूरच्या एका कॉलेजने हिजाब बंद केला, जून २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने ते मान्य केलं आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. हे सगळं त्यांना तारखांसकट माहीत होतं.

मी धर्माबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त विचारलं, "पाच वर्षांनी तिला वाटलं की दवाखान्यात काम करावं, तर कोणता दरवाजा उघडा असेल?" काही मदरशांची सनद जामिया मिलिया, अलीगढ किंवा हैदराबादचं मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ प्रवेशासाठी मानतं, अलीगढला त्यासाठी ब्रिज कोर्सही निघाला. पण सायन्स घेऊन बारावी झाली नसेल तर वैद्यकीय शाखेच्या बहुतेक वाटा बंदच. मदरशात राहून मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची बारावी देता येते, तोही मार्ग सांगितला. मात्र प्रयोग कुठे करणार आणि शिकवणार कोण, हे आधी त्या मदरशालाच विचारा म्हटलं. अब्बा जाऊन विचारून आले. तशी सोय नव्हती.

शेवटी ऑनलाइन फॉर्ममध्ये पहिला पसंतीक्रम जिल्ह्याच्या मुस्लिम संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजला, दुसरा गावातल्या कॉलेजला दिला. अल्पसंख्याक संस्थेत निम्म्या जागा त्या समाजाला राखीव असतात, त्यामुळे पहिलंच मिळालं. ओढणीचा प्रश्न तिथे नाही. दिवसा ती बायोलॉजी शिकते आणि मगरिबनंतर मोहल्ल्यातल्या आपांकडे अरबी. थकते बिचारी. नर्सिंगचं नाव तिने अम्मीच्या कानावर घातलंय, अब्बांच्या अजून नाही.